पाकिटावर साठ हजार, बाटलीवर पन्नास

वाचकाचं पत्र (थोडक्यात): सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांचं ड जीवनसत्त्व १८ आलं म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी ६०,०००चं पाकीट आठवड्यातून एकदा, असं आठ आठवडे घ्यायला सांगितलं. तेवढ्यात नणंदेनं न्यू जर्सीहून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली पाठवली. तिच्यावर ५० एमसीजी लिहिलंय. "साठ हजारांपुढे पन्नास म्हणजे काहीच नाही," असं म्हणून सासूबाई त्या गोळ्या रोज चार घेतात, शिवाय आठवड्याचं पाकीट चालूच आहे. तीन आठवडे झाले. त्यांची थायरॉइडची गोळीही ५० एमसीजीची आहे, मग दोन्ही गोळ्यांची ताकद सारखी का? माझ्या तीन महिन्यांच्या नातवासाठीही नणंदेनं ड जीवनसत्त्वाचे थेंब पाठवलेत. त्यावर ४०० आय.यू. आहे, इथल्या बाटलीवरही ४०० आहे, म्हणजे एकच ना? आणि लंडनचा भाचा म्हणतो की त्याचं ड जीवनसत्त्व ४५ आहे, तरी तिथले डॉक्टर कमी म्हणतात! हे आकडे वाचायचे तरी कसे? – एक वाचक, कोथरूड

नमस्कार ताई,

समजावून सांगायला नंतर बसू. आधी दोन कामं आजच्या आज करा.

पहिलं, अमेरिकेची ती बाटली बंद करा आणि पुढचं पाकीट देण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना फोन करून सासूबाई दोन्ही घेत होत्या हे सांगा. सोबत कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तेही सांगा. घाबरून जाऊ नका. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक झालेले रुग्ण बहुधा आठवड्याचं पाकीट गैरसमजानं महिनोन्‌महिने रोज घेतलेले असतात, तितकी वेळ तुमच्याकडे आलेली नाही. पण हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे भराभर निघून जात नाही. ते फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी, कधी वयस्कर माणसाचं गोंधळल्यासारखं वागणं, असा त्रास सुरू होतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. यातलं काही दिसत असेल तर फोनवर थांबू नका, दाखवून या. रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासायचं का, हे डॉक्टर ठरवतील.

दुसरं, बाळाच्या दोन्ही बाटल्या समोरासमोर ठेवा आणि ४००च्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर '१ मिलीमध्ये ४०० आय.यू.' असतं. अमेरिकेत मिळणाऱ्या काही बाटल्यांवर 'एका थेंबात ४०० आय.यू.' असतं. वर्षाखालच्या बाळाला दिवसाला ४०० आय.यू. पुरतं, आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेवढंच सांगते. इथल्या बाटलीतून ते एक मिली होईल, तिथल्या बाटलीतून एकच थेंब. सवयीनं कोणी तिथल्या बाटलीतलं औषध इथल्या ड्रॉपरनं एक मिली भरून पाजलं, तर बाळाच्या पोटात एका वेळी दहा हजारांहून जास्त आय.यू. जाईल. अशा ड्रॉपरच्या घोटाळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० साली पालकांना जाहीर इशारा दिला होता. माझं स्पष्ट मत आहे की घरात बाळासाठी एकच बाटली ठेवावी, तिचाच ड्रॉपर वापरावा आणि ती बाटली बाळाच्या डॉक्टरांना एकदा दाखवावी. नणंदेनं प्रेमानं पाठवलंय हे खरं, पण रात्री झोपेत कोण कुठली बाटली उचलेल याचा नेम नसतो.

आता साठ हजार आणि पन्नास.

पाकिटावरचा साठ हजार हा आकडा आय.यू.मध्ये आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय एककात. बाटलीवरचा पन्नास मायक्रोग्रॅममध्ये आहे, त्यालाच गोळ्यांवर एमसीजी लिहितात. ड जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आय.यू. तेव्हा ५० मायक्रोग्रॅमच्या एका गोळीत २,००० आय.यू. झाले. चार गोळ्यांचे ८,०००. सात दिवसांचे ५६,०००. म्हणजे सासूबाई डॉक्टरांनी दिलेल्या पाकिटाबरोबर दर आठवड्याला जवळजवळ आणखी एक पाकीट घेत होत्या. प्रौढ माणसाची रोजची गरज आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली ६०० आय.यू. धरली आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,०००च्या वर जाऊ नये असं मानतात. साठ हजारांचं पाकीट हा उपचार आहे, साठा रिकामा झालाय तो काही आठवड्यांत भरून काढायचा. त्याला शेवट असतो, म्हणूनच डॉक्टरांनी आठ आठवडे असं मोजून सांगितलं.

वजनानं पाहिलं तर साठ हजार आय.यू. म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम. सासूबाईंना गुंज ठाऊक असेल. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्या हिशेबानं एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम भरते. त्यांच्या आठवड्याच्या पाकिटात खरं औषध आहे ते एका गुंजेच्या ऐंशीव्या भागाएवढं. पाकीट एक ग्रॅमचं दिसतं, कारण बाकीची बहुतेक साखर असते, एवढंसं औषध हातात धरता यावं म्हणून घातलेली. हे त्यांना नक्की सांगा. साठ हजार हा आकडा भला मोठा वाटतो तो एकक चिमुकलं आहे म्हणून, आणि पन्नास लहान वाटतो तो त्याचं एकक चाळीसपट मोठं आहे म्हणून.

मग सगळं सरळ वजनात का लिहीत नाहीत? जीवनसत्त्वांचा शोध लागला तेव्हा ती शुद्ध स्वरूपात हाती नव्हती. माशाच्या तेलात काहीतरी आहे आणि त्यानं मुडदूस बरा होतो, एवढंच कळलेलं. जे वेगळं काढून तोलता येत नाही ते मोजायचं कसं? त्याच्या कामावरून. मुडदूस झालेल्या उंदरांना ठरावीक तेल देऊन त्यांची हाडं किती सुधारतात यावरून त्या तेलाची ताकद ठरवत. १९३१ साली लंडनच्या परिषदेत जीवनसत्त्वांसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणं ठरली, तेव्हापासून ही एककं जगभर चालू आहेत. इन्सुलिनचं एकक सुरुवातीला सशाच्या रक्तातली साखर किती उतरते यावरून ठरलं. पेनिसिलिनचंही तसंच, जंतूंची वाढ किती रोखतं त्यावरून. पिंपरीत १९५४ साली सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभारला, तिथल्या पेनिसिलिनचा हिशेब लाख युनिटांतच व्हायचा. आजही सांधेतापामुळे हृदयाच्या झडपा बिघडू नयेत म्हणून दर तीन आठवड्यांनी देतात ते पेनिसिलिनचं इंजेक्शन 'बारा लाखांचं' म्हणूनच ओळखलं जातं.

यातून निघणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. आय.यू. हे वजन नाही. प्रत्येक पदार्थाचं आय.यू. वेगळं, आणि एकाचा हिशेब दुसऱ्याला लागू होत नाही. ड जीवनसत्त्वाचा १ आय.यू. ०.०२५ मायक्रोग्रॅमचा, अ जीवनसत्त्वाचा ०.३ मायक्रोग्रॅमचा, म्हणजे बारापट. अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी मुलांना अ जीवनसत्त्वाचा दोन लाख आय.यू.चा डोस पाजतात, तो ६० मिलिग्रॅम भरतो. ई जीवनसत्त्वात तर नैसर्गिक आणि कृत्रिम यांचाही हिशेब वेगळा आहे, नैसर्गिकाचा १ आय.यू. ०.६७ मिलिग्रॅमचा आणि नेहमीच्या कृत्रिम ॲसिटेटचा १ मिलिग्रॅमचा. तेव्हा चाळीसनं गुणायचं ते फक्त ड जीवनसत्त्वाला.

आता तुमचा तो प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. दोन्ही गोळ्यांवर ५० मायक्रोग्रॅम, मग दोन्ही सारख्या का? वजन सारखं, ताकद मुळीच नाही. थायरॉइडची गोळी हे संप्रेरक आहे. त्याचे ५० मायक्रोग्रॅम सबंध शरीराचा वेग बदलतात, आणि डॉक्टर २५–२५ नं, कधी साडेबारानं, रक्त तपासत तो डोस वाढवतात. ड जीवनसत्त्वाच्या चार गोळ्या तीन आठवडे घेऊन सासूबाईंना काही जाणवलं नसेल, पण थायरॉइडच्या चार गोळ्या रोज घेतल्या असत्या तर या वयात छातीत धडधड, हृदयाचे ठोके अनियमित होणं, इथवर पाळी आली असती. म्हणून त्या दोन बाटल्या शेजारीशेजारी ठेवू नका. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी, हेही पाळलं जातंय ना ते पाहा. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही आणि मग डोस उगाच वाढवावा लागतो.

बी-१२ बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुण्यात शाकाहारी घरं एवढी आहेत की तो आकडाही तुमच्या घरी कधी ना कधी येईल. रोजची गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची आणि गोळी १,५०० मायक्रोग्रॅमची, हे पाहून लोक दचकतात. पण आपलं आतडं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या मार्गानं घेऊ शकतं. त्यापुढच्या डोसातलं जेमतेम शेकडा एक आत झिरपतं. म्हणून गोळी एवढी मोठी. इथे मोठा आकडा धोक्याचा नाही, ड आणि अ मध्ये तो असू शकतो.

मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांच्यात हजाराचं अंतर आहे. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, हजार मिलिग्रॅमचा एक ग्रॅम. एवढं पाठ असलं की निम्मं काम झालं. बाळाच्या आईला सरकारी लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या असतील तर त्यावर पाहा, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. बाजारात फॉलिक आम्लाची ५ मिलिग्रॅमची गोळीही मिळते. पाच हा आकडा पाचशेपेक्षा लहान, पण गोळी दसपट मोठी.

हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत हा घोटाळा आणखी वाढतो. मायक्रोग्रॅमसाठी काही डॉक्टर ग्रीक म्यू काढतात, तो घाईत इंग्रजी एम वाचला जातो आणि डोस हजारपट होतो. युनिट लिहिताना नुसतं यू हे अक्षर काढलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. अर्ध्या गोळीसाठी टिंबाआधीचं शून्य गाळलं तर ०.५ चे ५ होतात. म्हणून मायक्रोग्रॅम आणि युनिट हे शब्द पुरते लिहावेत, असं औषधसुरक्षेवर काम करणारे लोक सांगतात. औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, हा आपल्या वैद्यक परिषदेचा २०१६ चा नियमच आहे. चिठ्ठी वाचता आली नाही तर डॉक्टरांसमोरच विचारा. "हे किती, कशात, किती वेळा?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि केमिस्टलाही विचारा. औषधनिर्माणशास्त्र शिकलेला माणूस काउंटरमागे हजर असावा असा कायदा आहे तो याचसाठी, फक्त पट्ट्या कापून द्यायला नाही.

कॅल्शियमच्या गोळीवर एक वेगळीच खाच आहे. पट्टीवर १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत '५०० मिलिग्रॅम कॅल्शियमइतकं'. शरीराला कॅल्शियम मिळतं ते ५०० मिलिग्रॅम. डॉक्टर "पाचशेची गोळी" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हाच खालचा आकडा असतो. लोहाचंही तसंच, क्षाराचं वजन वेगळं आणि त्यातल्या लोहाचं वेगळं.

बाळासाठी पुढे कधी तापाचं औषध आणाल तेव्हाही आकड्याच्या मागचा पुढचा मजकूर वाचा. पॅरासिटामॉलच्या थेंबांत साधारण १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. पातळ औषधात एकीकडे ५ मिलीत १२० आणि दुसरीकडे ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम सांगितलं असेल तर थेंबांतून दीड मिली, २५०च्या बाटलीतून ३ मिली आणि १२०च्या बाटलीतून सव्वासहा मिली. औषध तेच, ताप तोच, मापं तीन. "मागच्या वेळी दीड दिलं होतं" ही आठवण बाटली बदलली की निरुपयोगी ठरते. स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच. एका घरातला चहाचा चमचा दुसऱ्या घरातल्या चमच्याएवढा नसतो. बाटलीबरोबरचं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. तुमचं बाळ अजून तीन महिन्यांचं आहे, एवढ्या लहान बाळाला ताप आला तर घरी औषध न देता सरळ डॉक्टरांकडे न्या.

घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर एवढं मात्र वाचाच. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा १ मिलीत ४० युनिट असतं आणि पेनमधलं १०० युनिट. सिरिंजाही दोन, ४०ची लाल टोपणाची आणि १००ची केशरी. पेनमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर १० नाही, २५ युनिट टोचले जातील आणि साखर धाडकन उतरेल. उलट केलं तर १० च्या जागी ४. पेन बिघडलं म्हणून सिरिंजनं काढून घेण्याचा विचार मनात आला तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन करा.

राहिला लंडनचा भाचा. आपल्या प्रयोगशाळा ड जीवनसत्त्व नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहितात, ब्रिटनमध्ये नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. आपल्या आकड्याला अडीचनं गुणलं की त्यांचा आकडा येतो. सासूबाईंचे १८ गुणिले अडीच बरोबर ४५. म्हणजे भाच्याची आणि सासूबाईंची पातळी अगदी एकच आहे, आणि दोन्हीकडचे डॉक्टर कमी म्हणाले ते बरोबरच म्हणाले. रक्तातल्या साखरेचंही असंच होतं. तिकडचा ७ म्हणजे आपल्याकडचा १२६, अठरानं गुणायचं. तेव्हा एकमेकांना नुसता आकडा फोनवर सांगू नका, एकक आणि शेजारची सामान्य मर्यादा दिसेल असा रिपोर्टचा फोटो पाठवा. आणि आठ आठवड्यांचा उपचार झाल्यावर ड जीवनसत्त्व पुन्हा कधी तपासायचं, हे आजच्याच फोनवर डॉक्टरांना विचारून घ्या. त्यानंतर रोजचा लहान डोस लागणार असेल तर नणंदेच्या बाटलीतली एक गोळी चालेल का, तेही तेव्हाच विचारा. बाटली तोवर बंद करून ठेवली तरी हरकत नाही, फक्त तिच्यावरची मुदत पाहून ठेवा.